खड्डा एक, दगडी काठाचा

जयवंतानं आमच्या वस्तीत पहिली थापड मारली ते मले. खोटं काहून सांगू, चूक माह्यीच होती. सक्करदऱ्याच्या तळ्याकडच्या अंगाले मधुकररावाच्या पाच खोल्या होत्या, एका रांगेत, अन् पाची घरांत मिळून नळ एक. एकसष्ट सालची गोष्ट. चार नंबरच्या खोलीत नवीन किरायदारीण आली अन् आल्याच दिवशी हंडा घेऊन नळावर उभी राहिली. मी तिचा हंडा पायानं सरकवला अन् माह्यी घागर लावली. बाईनं हंडा उचलून बाजूले ठेवला, पदर खोचला अन् अशी लगावली माह्या कानाखाली, का संध्याकाळपावतर कानात भोंगा वाजत होता.

"भांड्याले लाथ मारायची नाही," म्हणे. "मारायची तं मले मार."

मी काय ऐकून घेणार होय? मी तिच्या झिंज्या धरल्या, तिनं माह्या धरल्या, अन् दोघी चिखलात. तिचा नवरा धावत आला. किडकिडीत माणूस, नानाजी नाव. आम्हाले सोडवलं नाही, काही नाही. नळ बंद केला अन् म्हणाला, "घागर भरली वं. पाणी वाया चाललं." आम्ही दोघी त्याच्याकडं पाहतच राहिलो. मंग मले हसू आलं, तिले आलं, अन् त्या दिवसापासून मी वच्छला म्हणजे जयवंता अन् जयवंता म्हणजे वच्छला. माह्यी खोली तीन नंबरची. मधी एक भिंत.

ती उमरेडची, विणकराच्या घरची. बापानं माग शिकवला तो मारून. धागा तुटला का बोटावर लाकडी पट्टी. तिची एक करंगळी जन्मभर वाकडीच राहिली. "बापानं शिकवलं, चांगलं शिकवलं," असं ती म्हणे अन् त्याच वाकड्या बोटानं तुटला धागा सांधे. हात मोठे, आवाज मोठा, राग तं विचारूच नका. नानाजी मात्र सगळाच उलटा. त्याचा हात उगारलेला मी कधी पाहिला नाही. तो हात फक्त धोटा, म्हणजे सुताच्या कांडीचं लाकूड, फेकाले. इकडून तिकडं, तिकडून इकडं, दिवसभर. लुगड्याचा बारीक काठ विणावा तं नानाजीनंच, असं इतवारीतले व्यापारी म्हणत.

त्या माणसाले एकच गर्व होता, सहीचा. दुसरीपर्यंत शाळेत गेलेला. वाचता धड येत नव्हतं, पण सही येत होती. व्यापाऱ्याच्या वहीत बाकीचे विणकर अंगठा लावत अन् हा हात धोतराले पुसून, पेन्सिल जिभेले लावून 'नानाजी' लिही. शेवटच्या वेलांटीची शेपटी पार कागदाच्या काठापावतर नेई. आम्ही थट्टा करत होतो, "आले गा कलेक्टर!" तो लाजे, पण शेपटी काही आखूड करत नव्हता.

माह्या नवऱ्याचं सांगतलं तं लाज वाटते, पण सांगते. बळीराम त्या काळात प्यायचा अन् मले मारायचा. एका दिवाळीले त्यानं मले चुलीपाशी लोळवलं. भिंतीपलीकडचा माग थांबला. दार लोटून जयवंता आत आली, हातात मागाची दांडी. "बायकोले मारतं काय गा? मी इथं रिकामी बसली आहे न, मले मार!" अन् मंग जे काही झोडलं तिनं त्याले! पाठ, मांड्या, खांदे, काही सोडलं नाही. मीच मधी पडली, नाही तं विधवा झाली असती. तीन दिवस पडून होता बळीराम. त्यानंतर त्यानं माह्यावर हात टाकला नाही, अन् मरेपर्यंत तिले 'ताई' म्हणत गेला.

आता त्या कागदाचं सांगते, कारण सगळा जीव तिथं अडकला.

मधुकरराव राहायचा धरमपेठेत. एक तारखेले सायकलवर येई, पुढं स्कूटरवर येऊ लागला. डिपॉझिट दीडशे रुपये. एकसष्टमध्ये दीडशे म्हणजे काय थट्टा होती? जयवंतानं हातातले चांदीचे गोठ मोडले. त्यानं कागद केला. खोलीत काय काय आहे ते लिहिलं, अन् खाली लिहिलं का जसं दिलं तसं परत द्यायचं, नाही तं डिपॉझिटमधून कापल्या जाईल. नानाजीनं ऐटीत सही ठोकली, शेपटीसकट. कागदात काय आहे ते कोणी वाचलं नाही. मी चौथी शिकलेली, पण मले कोणी विचारलं नाही, अन् मीही विचारलं नाही.

सोळा वर्षं राहिले ते त्या खोलीत. सत्त्याहत्तर साली उमरेडहून जयवंताच्या भावाचा निरोप आला. तिथं लुगड्यांचं काम आहे, खोलीही आहे, पण घरमालकीण दीडशे रुपये आधी मागते, अन् सोमवारपावतर नाही दिले तं दुसऱ्याले देणार. घरात तवा दीडशे काय, पंधरा रुपये नव्हते. पण डिपॉझिट होतं न मधुकररावापाशी! तेच इकडून घ्यायचं अन् तिकडं ठेवायचं, झालं. इकडची खोली तं सोडतो म्हणून सांगूनही टाकलं होतं, पवनीचे नवे किरायदार ठरलेही होते. म्हणजे ते दीडशे हातात आले तं घर, नाही तं माग घेऊन रस्त्यावर.

शनिवारी त्यायनं माग उतरवला. आता विणकराच्या घरी माग म्हणजे जमिनीत कमरेइतका खड्डा. खड्ड्याच्या काठावर बसायचं, पाय खाली सोडायचे अन् पायानं लाकडी पट्ट्या दाबायच्या. त्याले पावड्या म्हणतात. अन् रीत अशी, का माग उठला का खड्डा त्याच दिवशी बुजवायचा, विणणाऱ्यानं आपल्या हातानं. जुनी पावडी तळाले ठेवायची, वरून माती, धुम्मसानं ठोकायची, शेणानं सारवायचं, हळदकुंकू वाहायचं. आपला खड्डा उघडा ठेवून गेलं अन् त्यात दुसरा बसला, तं आपल्या हातातली विद्या त्याच्या पायाखाली जाते, असं मानतात. जयवंतानं अन् नानाजीनं शनिवारी दिवसभर तेच केलं. काय जमीन केली होती सांगू! हात फिरवावा अशी. मधुकररावाले खोली चांगली करून द्यावी, हेही मनात होतंच बिचाऱ्यांच्या.

रविवारी सकाळी मधुकरराव आला, कागद घेऊन. संगं त्याचा भाचा, आखाड्यात जाणारा, मानेपेक्षा डोकं लहान. मधुकररावानं कागद उघडला अन् सुरू झाला. उंबरा झिजला, सात रुपये. चुलीच्या वर भिंत काळी झाली, पंधरा. दाराची कडी तुटली, चार. खिळ्यांची भोकं अकरा, दोन रुपये. जयवंता ऐकून राहिली होती. तिच्या मानेची शीर फुगली होती, पण सोमवार डोळ्यांपुढं होता.

मंग तो खोलीच्या मधोमध आला अन् खाली पाहिलं. "खड्डा कुठे आहे?"

"बुजवला न," जयवंता म्हणाली. "कसा बुजवला ते पाहा. पाण्याचा थेंब उतरणार नाही."

"बुजवला? कोणाला विचारून बुजवला? माझे नवे भाडेकरू विणकर आहेत. तयार खड्ड्याची खोली म्हणून त्यांच्याकडून मी जास्तीचे पैसे घेतले आहेत. एकही पैसा मिळणार नाही तुम्हाला. डिपॉझिट जप्त."

अवो माय! आजपावतर खड्डा खणला म्हणून मालक ओरडलेले मी पाहिले होते. बुजवला म्हणून ओरडणारा हा पहिलाच. जयवंताले आधी हसूच आलं. मंग तिच्या ध्यानात आलं का तो थट्टा करून राहिला नाही.

"माह्ये गोठ मोडून दिले होते तुले, मधुकर," ती म्हणाली. राव गेलं, अहो गेलं. "पैसे दे."

भाचा संगं आणलेल्या सब्बलनं, लोखंडी पहारीनं, जमीन ठोकून पाहत होता. मामानं डोळ्यानं खुणावलं तसं त्यानं दाराशी ठेवलेलं मागाचं मोठं लाकूड धरलं अन् ओढलं. खड्डा परत होईस्तोवर लाकूड आमच्यापाशी, म्हणे. नानाजी पुढं झाला. शिवी दिली नाही, ढकललं नाही. उजवा हात लाकडावर ठेवला फक्त. "हे नको नेऊ गा, भाऊ."

भाच्यानं सब्बल उचलली अन् त्या हातावर हाणली.

तो आवाज मले आजही ऐकू येते. वाळली तुराटी पायाखाली मोडते, तसा. नानाजी खाली बसला, मनगट मांडीवर घेतलं अन् त्याच्याकडं पाहत राहिला. हाड कातड्याखालून वर आलं होतं, वरचं कातडं फाटलं होतं.

धोटा जयवंताच्या कमरेले खोचलेला होता. सामानात धोटा बांधत नाहीत, अंगावर नेतात. दोन्हीकडून लोखंडी टोक असते त्याले. तिनं तो काढला अन् मधुकररावाच्या तोंडावर मारला. एकदा, दोनदा. समोरचे दोन दात तिच्या ताज्या सारवणावर पडले. तो भिंतीले टेकला तं ती त्याच्या अंगावर. छातीवर, कानावर, हनुवटीवर, रक्ताच्या चिळकांड्या भिंतीवर. "पंधरा रुपये काप आता भिंतीचे! काप!" भाच्यानं मागून तिच्या तोंडावर कोपर हाणलं, ओठ फाटला तिचा, पण हात थांबला नाही. त्यानं सब्बल परत उचलली. मी काय पाहत बसू? माह्या घरून तिखटाचा डबा आणला अन् मूठभर त्याच्या डोळ्यांत चोळलं. चांगलं चोळलं, मले काही वाईट वाटत नाही. तो आंधळ्यासारखा हातवारे करत पडला अन् बळीराम त्याच्या छातीवर बसला. जयवंतानं मधुकररावाचा गळा धरला होता. त्याचे डोळे पांढरे होऊन राहिले होते.

"पुरे वं," नानाजी खालून म्हणाला. त्यानं डाव्या हातानं तिचा पदर धरला होता. "मरल तो."

देवानं सांगतलं असतं तरी ती थांबली नसती. नानाजीनं म्हणलं म्हणून थांबली.

मोठ्या दवाखान्यात नेलं, प्लास्टर घातलं. डॉक्टर म्हणाला, हात राहील, पण मनगट फिरणार नाही. विणकराचं मनगट फिरणार नाही म्हणजे काय, ते त्याले सांगायचं कोणी?

दुपारी बापूजी आले. विणकरांचे पंच, सत्तरीचे, डोळ्यांनं थोडं कमी दिसे पण बोलणं सरळ. मधुकररावाले पंचायत मान्य करणं भागच होतं, कारण बापूजीनं नाही म्हणलं असतं तं एकही विणकर त्याच्या खोल्यांत आला नसता. तोंडाले टॉवेल लावून बसला होता. बापूजीनं आधीच सांगून टाकलं. "वापरून झिजलं, त्याचे पैसे नाही. मोडलं, त्याचे पैसे. कबूल?"

"कबूल," मधुकरराव टॉवेलातून म्हणाला. जयवंतानं मान हलवली.

बापूजीनं उंबऱ्याच्या खळग्यात पाय ठेवून पाहिला. "सोळा वर्षं माणसं राहिली. माणसाले पाय असतात. काही नाही." चुलीवरची भिंत पाहिली. "जेवत होते. काही नाही." खिळ्यांचंही सोडलं. कडीपाशी आले तं जयवंता स्वतःच बोलली, "ते मी मोडली. रागात दार आपटलं होतं."

"मंग चार रुपये तुह्याकडं."

"देईन."

"आता खड्डा." बापूजीनं कागद माह्या हाती दिला. मी वाचलं. भिंती चार, पांढऱ्या. दार एक, कडीसह. खिडकी एक. कोनाडे दोन. अन् त्याच्या खाली, खड्डा एक, दगडी काठाचा. त्याच्या खाली नानाजीची सही, लांब शेपटीची. यायच्या आधीही तिथं विणकरच राहत होता, अन् तो खड्डा न बुजवता गेला होता. खड्डा खोलीसंगं मोजून दिला होता!

बापूजीनं कागदाची घडी केली. "झिजला असता तं माफ होता, पोरी," मंग म्हणाले. "रीत मी जाणतो. पण सही केली आहे. जसा होता तसा द्यावा लागते."

"सब्बल द्या," जयवंता म्हणाली.

तीच सब्बल. अजून तिच्यावर नानाजीचं रक्त होतं. बळीराम उठला मदतीले, तिनं त्याले ढकलून दिलं. मी उठली, मलेही ढकललं. कालचं सारवण, कालचं हळदकुंकू, सगळं तिनं फोडून काढलं. फाटल्या ओठातून रक्त गळे अन् मातीत पडे. ती खणत होती तशी शिव्या देत होती, मधुकररावाले, भाच्याले, आपल्या बापाले, देवाले. कोणीही तिले थांबवलं नाही. दगडी काठ दिसला. कमरेइतका झाला तवा तळातून पावडी निघाली. नानाजीच्या अंगठ्यानं मधोमध खोल झालेली, गुळगुळीत. तिनं ती पदरानं पुसली अन् नेऊन त्याच्या मांडीवर ठेवली, प्लास्टरच्या बाजूले.

"बापूजी," ती म्हणाली, धापा टाकत. "खोलीचं झालं. आता माह्या माणसाचं पाहा. झिजलं ते माफ, मोडलं ते भरून. तुम्हीच म्हणलं न?" तिनं नानाजीचा हात वर धरला. "हे झिजलं नव्हतं. परवापावतर यानं काठ विणला. हे मोडलं."

"आणि माझे दात?" मधुकरराव ओरडला. "दोन दात!"

"इकडं या," बापूजी म्हणाले. "तोंड उघडा." त्यायनं बोट घालून उरलेले दात एकेक हलवून पाहिले. "हा हलते. हाही हलते. हा तं आजच पडल." बोट धोतराले पुसलं. "तुमचे झिजलेलेच होते, मधुकरराव. त्याचे पैसे नाही."

असा हशा झाला म्हणता! तिखटानं सुजलेल्या डोळ्यांचा भाचाही खिंकाळला. मंग बापूजीनं विचारलं, "बोला, हाताचे किती?" मधुकरराव म्हणाला, "शंभर? दोनशे? सांगा तुम्हीच." बापूजी आपल्याच मनगटाकडं पाहत होते.

तवा नानाजी बोलला. रागानं नाही. नेलेली वस्तू मागावी, तसं.

"डिपॉझिट ठेवा तुमच्यापाशीच, साहेब. मनगट तेवढं वापस द्या."

सोळा वर्षांत जयवंता रडलेली मी पाहिली नव्हती. त्या दिवशी ती खड्ड्याच्या काठावर बसली, पाय आत सोडून, माग चालवाले बसतात तशी, अन् बोंब मारून रडली. मीही रडली. बळीरामही. मधुकररावानं दीडशे मोजले, ते चार रुपयेही कापायची त्याची हिंमत झाली नाही. हाताचे दोनशे बापूजीनं ठरवले, हप्त्यानं. पन्नास आले, बाकीचे तो गिळून बसला. मेला, सुखानं नाही मेला.

सोमवारी एस.टी.च्या टपावर माग टाकला अन् उमरेड गाठलं. मी संगं गेली. घरमालकीण सिंधूताई, भली बाई, कागद तयार ठेवून बसलेली. जयवंता म्हणाली, "वच्छला, तू वाच. एक अक्षर सोडू नको." मी मोठ्यानं वाचलं. खड्डा नव्हता त्यात. जयवंतानं तिथंच लिहून घेतलं, खड्डा आम्ही खणू, जातानी आम्हीच बुजवू. सिंधूताई हसली, म्हणे लिही बाई, मले काय करायचं त्याचं.

मंग सिंधूताईनं पेन नानाजीपुढं धरलं.

नानाजीनं सवयीनं उजवा हात उचलला. प्लास्टर पाहिलं अन् खाली ठेवला. डाव्या हातानं पेन घेतलं, जिभेपाशी नेलं, कागदावर टेकवलं. 'ना'चा कानाही उभा राहिला नाही. पेन खाली पडलं. जयवंतानं उचलून दिलं. दुसऱ्यांदा पडलं, तवा ती उचलाले वाकली, पण नानाजीनं तिले थांबवलं.

"राहू दे वं," म्हणाला. "शाई आणा. अंगठा लावतो."